बॉरोडेलात नेलची शाळा

विंडरमिअरचं तळं मी बघितलं ते गाडीच्या काचेतून, आणि तेही पार्किंग शोधता शोधता. बोनेसमध्ये बोटीच्या रांगेत आमच्या पुढे बडोद्याचं आख्खं कुटुंब, मागे हैदराबादचं, आणि सगळ्यांच्या हातात तेच आइस्क्रीम. गर्दीच बघायची तर भुशी डॅम काय वाईट होता, असं मी म्हटल्यावर चिरंजीवांनी मुकाट्याने गाडी उत्तरेला काढली. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधले आमचे सुरुवातीचे दिवस एवढ्यातच आटोपते. मला लिहायचंय ते पुढच्या मुक्कामाबद्दल, आणि खरं सांगायचं तर एका कुत्रीबद्दल.

केझिक गावातली हॉटेलं झेपेनात म्हणून मुलाने बॉरोडेलच्या दरीतल्या एका मेंढपाळाच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. याच दरीच्या टोकाला सीथवेट नावाची वस्ती आहे. इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साधारण 3500 मिलिमीटर. हा आकडा कळल्यापासून आमच्या ह्यांनी "महाबळेश्वरला याहून जास्त पडतो" हे भेटेल त्या गोऱ्याला ऐकवलं. माझं माहेर फलटणजवळचं, पावसाचा थेंब मोजून घेणारं, त्यामुळे मी या वादात पडले नाही. खोली स्वच्छ होती, गादी उत्तम. हीटर मात्र मालकिणीच्या मर्जीवर, सप्टेंबर म्हणजे तिच्या लेखी उन्हाळाच. शाकाहारी म्हटल्यावर सकाळी टोस्ट, बीन्स आणि एक भलंमोठं भाजलेलं मश्रूम समोर यायचं. रोज तेच, रोज तेवढंच. पण चहा मागायच्या आत यायचा आणि ओले बूट रात्री कुणी न सांगता चुलीशी वाळत ठेवलेले असायचे. गोड बोलण्यालाच पाहुणचार म्हणतात असं मी मानत नाही, त्यामुळे बाई मला आवडली. तिचा नवरा तर दिवसाकाठी जेमतेम दहा वाक्यं बोलायचा. त्यातली आठ कुत्र्यांशी.

त्या दुपारी पाऊस उघडला म्हणून मी मागच्या अंगणात गेले तर म्हातारबा एका काळ्या-पांढऱ्या कुत्रीला लांब दोरीला धरून कुरणाकडे निघालेले. नेल, जात बॉर्डर कॉली, वय दहा महिने. आत्ताआत्ताच तिला मेंढ्यांसमोर न्यायला सुरुवात केली होती. बघायला येऊ का, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. ती "हो" अशी होती की "या, आता काय करणार" अशी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कुरण छोटं, चारी बाजूंनी गडगा. आत सहा मेंढ्या, हर्डविक जातीच्या. या जातीची कोकरं काळी जन्मतात आणि वय वाढेल तशी करडी होत जातात, तोंड मात्र पांढरंशुभ्र. निवडलेल्या मेंढ्या थोराड आणि शांत होत्या, कुत्र्यांची सवय असलेल्या. मुलगा म्हणाला, "आई, शिकवणी कुत्रीची आहे पण मास्तर मेंढ्या आहेत." बरोबरच होतं त्याचं. डोंगरावरची तरणी मेंढी पिल्लाला बघून एक तर पार पळून जाते, नाही तर उलटून पाय आपटते. एकदा का पिल्लू मेंढीला घाबरलं की ती भीती काढायला फार वेळ जातो.

मला वाटलं होतं आता बिस्किटं निघतील, "बस", "ऊठ", शाबासकी. आमच्या सोसायटीत कुत्र्यांचा मास्तर येतो तो कमरेला खाऊची पिशवीच लावून येतो. इथे काही नाही. दोरी सुटली आणि नेल निघाली. सरळ मेंढ्यांच्या अंगावर नाही, बाजूने, गोल. कुणी न सांगता ती त्यांना वळसा घालून पलीकडे गेली आणि बरोबर म्हाताऱ्याच्या समोर जाऊन थांबली, मध्ये मेंढ्या. म्हातारा दोन पावलं डावीकडे सरकला, ती पलीकडे तेवढीच सरकली. घड्याळात तो सहावर असेल तर ती बारावर, तो सातवर तर ती एकवर. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. कळप राखून धन्याकडे आणायचा हे रक्तातच असतं. शिकवायचं असतं ते थांबायला. मेंढ्या हलत असताना, सगळं अंग पुढे ओढत असताना, जमिनीला पोट लावून पडून राहायला. "लाय डाऊन" हा पहिला धडा, आणि नेलला तो अजिबात मान्य नव्हता. ती पडायची, पण कोपरं जमिनीपासून चार बोटं वर. म्हातारा तिच्याकडे नुसता बघत उभा. कोपरं टेकली की मग तो बाजूला व्हायचा आणि तिला पुन्हा मेंढ्या मिळायच्या. हेच बक्षीस. मेंढ्यांजवळ जायला मिळणं हा खाऊ आणि न मिळणं ही शिक्षा.

दिशांचे शब्दही त्याने शिकवले असं म्हणता येणार नाही. ती उजवीकडे का डावीकडे जाते ते बघून तो शब्द म्हणायचा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघाली की "कम बाय", उलटी निघाली की "अवे". आधी कृती, मग तिचं नाव. आणि सगळा वेळ त्याचं लक्ष तिच्या शेपटीवर. शेपूट खाली, मागच्या पायांमध्ये, म्हणजे डोकं कामात आहे. वर उडाली की खेळ सुरू झाला, थांबवा. माझ्या समोर ती एकदा झेंड्यासारखी वर गेली आणि पुढच्या क्षणी नेलच्या तोंडात लोकरीचा पुंजका होता.

झालं असं की मेंढ्या कोपऱ्यात जाऊन गडग्याला चिकटल्या. मोकळ्या रानात गोल फिरणं सोपं. पण भिंत आणि मेंढ्या यांच्यामधल्या हातभर फटीत शिरायचं म्हणजे पिल्लाची छाती दडपते. नेल दोनदा फटीपर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा डोळे मिटल्यासारखी आत घुसली, मेंढ्या चौफेर उधळल्या, आणि बाहेर पडता पडता तिने एकीच्या मांडीला तोंड घातलं. म्हाताऱ्याने फक्त घशातून एक "हेऽ" काढला. ओरडला नाही. शांतपणे चालत गेला, मेंढ्या पुन्हा त्याच कोपऱ्यात जाऊ दिल्या, या वेळी स्वतः भिंतीच्या बाजूने तिच्याबरोबर चालत त्या फटीपर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. ती त्याच्या पायाला घासून आत गेली आणि मेंढ्यांच्या मागून बाहेर आली. मेंढ्या भिंतीपासून सुटल्या, चालत, पळत नाही. त्याने लगेच "दॅट्ल डू" म्हटलं, म्हणजे काम संपलं, ये. पाव तासही झाला नव्हता. जमलेल्या गोष्टीवर थांबायचं, हौस म्हणून आणखी एकदा करायचं नाही. आमच्या क्लासवाल्यांना हे कुणी तरी सांगा.

दुसऱ्या दिवशी मात्र फाटकाशी जत्रा भरली. शेजारच्या घरात उतरलेले पाचसहा पर्यटक आले, एक जण शिट्ट्या वाजवायला लागला, एक बाई "गुड गर्ल, गुड गर्ल" करत भिंतीवरून वाकली. नेल तिकडे बघणार की मेंढ्यांकडे? त्यात मेंढ्या फाटकाकडे यायलाच तयार होईनात, कारण तिथे रंगीबेरंगी रेनकोटांची भिंत. माझाही नारिंगी. मेंढीच्या दृष्टीने उभा माणूस म्हणजे आणखी एक कुत्राच; तो जिथे उभा राहील तिथून ती लांब सरकते. म्हाताऱ्याने सगळ्यांना घराकडे पिटाळलं आणि मला बोट दाखवून म्हणाला, "तुम्ही तिथे." तिथे म्हणजे गडगा ढासळला होता त्या खिंडाराशी. मी फाटक झाले. इंग्लंडला येऊन मिळालेला हा सगळ्यात मोठा मान. हलायचं नाही, बोलायचं नाही, पहिलं जमलं. मेंढ्या माझ्यापासून दहा फुटांवर येऊन थांबल्या आणि त्यांच्यामागे, गवतात दबलेली नेल पाऊल टाकता टाकता तसंच अधांतरी धरून थांबली. एक पाय वर, मान खाली, पापणी हलत नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती तरी मला एक पाऊल मागे घ्यावंसं वाटलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा लांडगा आहे. दबा धरतोय, घेरतोय, फक्त शेवटची झडप तेवढी पिढ्यानुपिढ्या निवड करून काढून टाकलीय. माझ्या वडिलांच्या रानात सुगीनंतर धनगरांचे वाडे बसायचे, खतासाठी. त्यांचे कुत्रे दिवसभर घोडीच्या सावलीत झोपलेले दिसायचे, कारण त्यांची ड्यूटी रात्रीची, वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, लांडग्याशी. मेंढरं वळवायला धनगराचा आवाज पुरे. तो पुढे चालला की खांड मागे. आपला धनगर सदा मेंढरांबरोबर असतो, म्हणून त्याला असा कुत्रा लागत नाही. इथे उलटं. ब्रिटनमधले लांडगे कित्येक शतकांपूर्वीच संपले. डोंगरावर कुंपण नाही, राखण नाही. मेंढी आईकडून आपला डोंगराचा तुकडा शिकते आणि वर्षभर तिथेच राहते. पण लोकर कापायला, औषध पाजायला तिला खाली तर आणायलाच हवं. नुसत्या हाकेने येणारी ही मेंढरं नव्हेत. मग लांडग्यासारखा दिसणारा आणि चावणार नाही असा कोणी तरी डोंगरावर पाठवायचा.

रात्री हे मी मुलाकरवी म्हाताऱ्याला सांगितलं. धनगर लांडग्याशी कुत्र्यांच्या जिवावर झुंजतात हे ऐकून तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बसला. मग उठून नेलची वंशावळ घेऊन आला. मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, 1906 मध्ये स्थापन झालेली, ती या कुत्र्यांची नोंद ठेवते. आजच्या बॉर्डर कॉलींची मुळं शोधत गेलं की बहुतेक 1893 मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ओल्ड हेम्पशी पोचतात. न भुंकता, नुसत्या नजरेने काम करणारा म्हणून तो गाजला. मेंढ्या हाकण्याच्या स्पर्धा त्याच्याही आधीच्या, ब्रिटनमधली पहिली 1873 मध्ये वेल्समधल्या बालाला झाली. 2021 मध्ये वेल्समध्येच किम नावाची वर्षभराची कुत्री 27 हजार पौंडांवर विकली गेली. म्हणजे तेव्हाचे 27 लाख! हा आकडा ऐकून ह्यांच्या हातातला चहा हिंदकळला. आणि ज्या मेंढ्यांसाठी हे सगळं, त्यांच्या लोकरीतून कापणीची मजुरीही सुटत नाही, असं म्हातारा म्हणाला. आमच्याकडेही दख्खनी लोकरीचं हेच, असं मी सांगितलं. घोंगडी कोण घेतं आता. दोन्हीकडच्या लोकरीवर आम्ही थोडा वेळ गप्प बसलो, मग मालकिणीने विषय बदलून फ्रूट केक आणला. तो फार कोरडा होता.

निघायच्या दिवशी ह्यांनी मनातलं बाहेर काढलंच. नेलची आई पुढच्या वर्षी व्यायली तर एखादं पिल्लू मिळेल का? पुण्यात हल्ली बॉर्डर कॉली पाळणारे पुष्कळ झालेत, हे मलाही माहीत आहे. आमच्याच समोरच्या विंगेत तिसऱ्या मजल्यावर एक आहे. एप्रिलात बिचारा एसीखाली पडून असतो आणि संध्याकाळी खाली आणला की सायकलवरच्या पोरांना गोल करून पार्किंगच्या कोपऱ्यात कोंडतो. पोरांच्या आया सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी टाकतात, मालक "तो खेळतोय" म्हणतो. नेल बघितल्यापासून माझं मत असं की तो खेळत नाही, नोकरी शोधतोय.

म्हाताऱ्याने ह्यांना एवढंच विचारलं, "मेंढ्या किती आहेत?"

"एकही नाही," हे म्हणाले.

"मग नको."

केझिक मागे पडेपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. पेनरिथच्या अलीकडे म्हणाले, "सासवडच्या दादाकडे शेळ्या आहेत. शेळ्या चालतील का, विचारायला हवं होतं."