फडताळातलं जेवण

मंगळवार, रात्र

आज बाहेर जाऊन भाजी आणायची अजिबात इच्छा नव्हती. फडताळात आर्टिचोकच्या गाभ्यांचा डबा, काबुली चण्यांचा डबा, स्पॅगेटीचं अर्धं पाकीट, केपर्सची (खारवलेल्या छोट्या कळ्यांची) बरणी आणि लसूण एवढं सापडलं. एका जेवणाला पुष्कळ झालं.

डब्यातलं जेवण म्हणजे आळशाचं जेवण असं म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. पण अशा बऱ्याच वस्तू मिठात किंवा आंबट पाण्यात ठेवलेल्या असतात. आर्टिचोक मिठाच्या पाण्यात, वर सायट्रिक ॲसिड. केपर्स खारट, ऑलिव्ह घातले तर तेही खारट, चण्यांच्या पाण्यातही बहुतेक वेळा मीठ. हे सगळं एका कढईत आलं की जीभ सोलवटते. म्हणून मी चणे आणि आर्टिचोक दोन्ही खळखळून धुते, स्पॅगेटीच्या पाण्यात नेहमीच्या निम्मंच मीठ टाकते आणि वरून मीठ घालायचा विचार शेवटी चव घेईपर्यंत करत नाही.

आर्टिचोक म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातल्या एका काटेरी झाडाची न उमललेली कळी. उमलू दिली तर तिचं झुपकेदार जांभळं फूल होतं. ताजी आणली तर बाहेरच्या जाड पाकळ्या काढा, टोकं छाटा, आतला केसाळ भाग चमच्याने खरवडा. आणि चिरलेला भाग हवेने काळा पडतो म्हणून लगोलग लिंबाच्या पाण्यात टाका. एवढं करून हातात येतो तळाचा गुबगुबीत भाग आणि चार कोवळ्या पाकळ्या. बाकी ढीग कचऱ्यात. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावं. हे काम आधीच उरकून डब्यात भरणाऱ्यांची मी ऋणी आहे.

डब्यातले गाभे आधीच शिजलेले असतात, तेव्हा त्यांना शिजवायचं नसतं, कोरडं करायचं असतं. पाकळ्यांच्या थरांमध्ये पाणी दडून बसतं. प्रत्येक गाभा उभा अर्धा कापून तळहातात हलकेच दाबला, मग कापडावर पालथा ठेवला. जाड बुडाच्या कढईत तेल तापवून कापलेली बाजू खाली. आणि मग हात मागे! ढवळायचं नाही. आधी जोरात चरचर होते, ती उरलेल्या पाण्याची. आवाज उतरला की कडा तांबूस व्हायला लागतात, बाहेरच्या पाकळ्या कुरकुरीत होतात आणि आतला भाग मऊच राहतो. खरी चव इथे तयार होते, डब्यात नाही. कढईत गर्दी केली तर वाफ धरते आणि सगळा लगदा होतो, म्हणून मी दोन खेपांत परतले.

मग त्याच तेलात चणे, ते जरा खरपूस झाले की लसूण, केपर्स. लसूण आधी टाकला तर जळून कडू होतो. शेवटी स्पॅगेटी आणि तिचं पळीभर पाणी. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी मिळून येतं, क्रीमची गरजच पडत नाही. लिंबाची साल किसून घातली. रस मात्र थेंबभरच, गाभे मुळातच आंबट असतात.

तेल-व्हिनेगरच्या बरणीतले गाभे मी कढईत कधीच टाकत नाही. तापले की व्हिनेगर नाकात जातं. ते नुसतेच खावेत, नाहीतर सॅलडमध्ये. बरणीतलं उरलेलं तेल फेकू नये, बीन्सवर ओतायला झकास.

जेवताना पाणी प्यायले तर गोडसर लागलं. आर्टिचोकची ही गंमत १९७२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आली होती. आर्टिचोकमधली सायनारिनसारखी द्रव्यं जिभेवर बसतात आणि नंतरचं पाणी गोड भासतं. सगळ्यांना जाणवतं असं नाही. आर्टिचोकबरोबर जुळणारी वाइन शोधणाऱ्यांची मात्र यामुळे पंचाईत होते.

काही गाभे उरलेत. ते डब्यातून काढून काचेच्या भांड्यात, फ्रिजमध्ये ठेवलेत. उद्या पांढऱ्या बीन्सबरोबर जाडसर वाटून, ऑलिव्ह तेल आणि मिरपूड घालून पावाला लावेन. मीठ नकोच.