कसरीने खाल्लेली अक्षरं आणि माझी चुकलेली दहा वर्षं

मंडळी, मागच्या खेपेस मी फुशारकी मारली होती की पेशवे दफ्तरातल्या रुमालात (कागदांच्या गाठोड्यात) आमच्या घराण्यातल्या थोरल्या पाटलांचा १७६७ चा कागद हाती लागला. शब्द मागे घेतो. कागद अस्सल आहे, पाटीलही आमचेच आहेत, पण ते थोरले नव्हेत.

घोळ कालोल्लेखात होता. ‘छ ६ सवाल, सु॥ समान’ इथवर स्वच्छ: ‘छ’ म्हणजे चांद्र तारीख, ‘सवाल’ हा हिजरी महिना, ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहायचं जुन्या दफ्तरातलं वर्ष, आणि ‘समान’ म्हणजे आठ. पुढच्या शब्दाचा पहिला ‘स’ दिसतो, शेवटचा ‘न’ दिसतो, आणि मधे कसरीने मुगाच्या दाण्याएवढं भोक पाडलंय. भोकाच्या कडेला शाईचा एक तुटका फराटा. त्यापुढे ‘मया व अलफ’ (शंभर व हजार) पुन्हा ठणठणीत. ज्यांच्याकडून पैसे देऊन लिप्यंतर करून घेतलं, त्यांनी तिथे बिनधास्त ‘सितैन’ लिहून दिलं. चौकटी कंस नाही की प्रश्नचिन्ह नाही. मी ११६८ धरले, इसवी सनासाठी ५९९ मिळवले आणि १७६७ वंशवेलीत चिकटवून मोकळा झालो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही, हे कबूल. पण न लागलेलं अक्षर कंसात टाकायला असा कितीसा वेळ लागतो?

सितैन म्हणजे साठ, सबैन म्हणजे सत्तर. त्या भोकात दोन्ही मावतात. ओढूनताणून सलासीन (तीस) आणि समानीनही (ऐंशी) मावतील. दहा वर्षांनी काय बिघडतं म्हणाल, तर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत शके १६९४ ला, म्हणजे १७७२-७३ मध्ये, मुलं थोरल्यांच्या अस्थी घेऊन आल्याची नोंद आहे. आणि आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला. कागदात ‘बिन’ अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा, असं काही नाही, नुसतं नाव आणि ‘मोकदम मौजे मजकूर’, म्हणजे याच गावचा पाटील. साठ असतील तर आजोबा, सत्तर असतील तर नातू.

दोन महिने त्या फराट्यामागे गेले. फोटो मोठा केला, रंग उलटे केले, कडेने टॉर्च मारून पुन्हा फोटो काढले. सकाळी तो ‘त’चा वाटायचा, रात्री ‘ब’चा. तारखा बदलून देणारी ॲप्सही पाहिली. मी पाहिलेल्या एकालाही शुहूर सन कशाशी खातात हे ठाऊक नाही, आणि हिजरी तारीख देतात तीही एखाद-दुसरा दिवस इकडे-तिकडे. छापील जंत्री (वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारं कोष्टक) ती जंत्री.

शेवटी तालुक्याच्या इतिहास मंडळात रविवारच्या मोडी वाचनाला कागद घेऊन गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षिका येतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंनी भोकाकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचत आल्या आणि सातव्या ओळीवर थांबल्या: ‘कार्तिकी येकादसीस च्यार रोज बाकी’. ही ओळ मी किमान वीसदा वाचली असेल, भरताड म्हणून सोडून दिलेली.

“म्हणजे लिहिलं त्या दिवशी कार्तिक शुद्ध सप्तमी. आणि खाली तुम्ही सवाल म्हणताय. मग कार्तिकात सवाल कुठल्या साली आला, तेवढं बघा की.”

हिजरी महिन्यांना अधिक मास नाही. दरसाल अकराएक दिवस मागे सरकत ते बत्तीस-तेहेतीस वर्षांनी पहिल्या जागी येतात. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ चार महिन्यांचा फरक, लपणार कुठे? जंत्री उघडली. १७६७ च्या कार्तिकात जमादिलाखर. १७७७ च्या कार्तिकात सवाल! १७३७ आणि १७८७ जवळपासही फिरकत नाहीत. सबैन. ११७८. शब्द मला अजूनही वाचता आलेला नाही, पण आता त्याची गरजही नाही. त्या दिवशी मंडळाचा चहाही गोड लागला, एरवी तो नुसता गरम असतो.

आता पुढची पंचाईत. नातू १७७७ ला गावचा कारभार बघतोय, तर त्याचा जन्म फार तर १७५५ च्या आसपास. मी त्याला १७७५ ला जन्माला घातला होता. मग १८२५ चा जो कागद मी त्याच्या नावावर मांडलाय, त्यातला मोकदम सत्तरीचा म्हातारा, की त्याच नावाचा तिसराच कुणी? मला तिसऱ्याचा दाट संशय आहे.

ठरलं होतं ते पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरच्या वह्या बघायचं. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: आमची जमीन इनाम होती. १८५२ च्या कायद्यानंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनने चौकशी केली असेल, तर कुणीतरी कैफियत (लेखी निवेदन) दिली असणार, आणि कैफियतीला वंशावळ जोडलेली असते. सगळे एकनावी बापांच्या नावांसकट एका कागदावर! त्र्यंबक थांबेल. दफ्तरात अर्ज सोमवारी टाकतोय. कैफियतींच्या रुमालांची यादी कुणी चाळली असेल तर गावावार लावलीय की तालुकावार, तेवढं सांगा. आणि वेलीत १७६७ लिहिलेलं मी ज्यांना ज्यांना पाठवलंय, त्यांनी कृपा करून खोडा.