स्पर गिअर एकाच बाजूने का झिजतोय?

भाच्याकडे एक सेकंडहँड आरसी ट्रक आहे, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी. १/१० स्केल, मागच्या चाकांना ड्राइव्ह, ब्रश्ड ५४० मोटर, मोटरच्या शाफ्टवर स्टीलचा पिनियन (छोटा गिअर) आणि तो फिरवतो तो प्लॅस्टिकचा स्पर (मोठा गिअर). मोशीच्या एका मोकळ्या प्लॉटवर मुरमात फिरवतो. दिवाळीपासून त्याचं एकच रडगाणं चालू होतं: "मामा, परत दात गेले." नवा स्पर बसवायचा, थोडे दिवस चालवायचं, की पुन्हा टर्रर्र. शेवटी गाडी माझ्याकडे आली. मी भोसरीत हॉबिंग मशीनवर गिअर कापण्यात आयुष्य काढलंय, त्यामुळे घरच्यांच्या मते दात असलेली कुठलीही वस्तू माझ्याच खात्यात येते.

आधी आवाज ऐकला. गाडी हातात उचलून थ्रॉटल हळूहळू द्यायचा. मेश, म्हणजे दोन गिअरचे दात एकमेकांत बसतात ती पकड, टाइट असेल तर वेगाबरोबर चढत जाणारी शीळ येते आणि मोटर लवकर तापते. लूज असेल तर थ्रॉटल सोडता-धरताना खडखड होते. ठरावीक तालात एकच टक येत असेल तर एखादा दात तुटलाय किंवा दातांत खडा अडकलाय. आणि जमिनीवर जोर लागल्यावरच टर्रर्र होत असेल तर स्परला दोष देण्याआधी स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा क्लच) आणि डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) बघा. मागची दोन्ही चाकं घट्ट धरून स्पर बोटाने फिरवायचा; सहज फिरला तर स्लिपर सैल आहे. इथे स्लिपर ठीक होता. पण शीळही येत होती आणि खडखडही. टाइट आणि लूज, दोन्ही एकदम कसं?

मग संशय पिचवर, म्हणजे दातांच्या मापावर. ४८ पिच मॉड्यूलमध्ये (दातांचं मिलिमीटरमधलं माप) मोजलं तर २५.४ भागिले ४८, म्हणजे साधारण ०.५३. टामियाच्या टीटी-०२ सारख्या गाड्यांत ०.६ मॉड्यूल असतं. हे दोन पिनियन शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळत नाही, दात एकमेकांत शिरल्यासारखेही वाटतात, आणि बघता बघता प्लॅस्टिकचा भुगा होतो. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल मात्र इतके जवळचे आहेत की एकमेकांवर चालून जातात. भाच्याचे दोन्ही गिअर ४८ पिचचेच निघाले. तोही प्रश्न मिटला.

भाच्याची एक सवय मला आवडते. तुटकं काही फेकत नाही. गेलेले सगळे स्पर त्याने श्रीखंडाच्या डब्यात ठेवले होते. ते ट्यूबलाइटखाली ओळीने मांडले आणि चष्मा लावून बसलो. मोटरपासून लांबच्या कडेला दात गोल झालेले, कुठे कुठे मुळापासून उडालेले. त्याच दातांची मोटरकडची कड मात्र कोरी, साच्याची बारीक रेघसुद्धा शाबूत. एका नाही, सगळ्याच स्परवर हेच. नुसता मेश लूज असता तर दातांची टोकं पूर्ण रुंदीभर झिजली असती. एकच कड खाल्ली जाते तेव्हा एक तर पिनियन शाफ्टवर फार आत किंवा बाहेर बसलेला असतो, नाहीतर दोन शाफ्ट समांतर नसतात. पिनियन जागेवर होता, स्परची अख्खी रुंदी त्याच्या दातांवर येत होती. म्हणजे मोटरच वाकडी बसलेली.

मोटर काढली. ॲल्युमिनियमच्या माउंट प्लेटवर, स्परकडच्या बाजूला, मुरमाचा तांबूस खडा अर्धवट चुरडून चिकटलेला, आणि खाली प्लेटला त्याने पाडलेला खळगा. हिशोब करून बघा. ३६ मिमी व्यासाच्या मोटरच्या तोंडाखाली एका कडेला ०.३ मिमीचा खडा आला, की पाच मिमी रुंद दातांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.०४ मिमीच्या आसपास फरक पडतो. मेश लावताना दातांत घालतो तो वहीचा कागद साधारण ०.१ मिमी. म्हणजे आपण दातांत जेवढा खेळ (मोकळी जागा) ठेवतो त्यातला जवळपास निम्मा एका कडेला गायब. वर खडा चालता चालता चुरडतो, मोटरचे स्क्रू ढिले पडतात आणि उरलासुरला मेश सरकतो. शीळ आणि खडखड एकत्र का, ते इथे कळलं.

खडा आला कुठून? पठ्ठ्या स्पर प्लॉटवरच बदलतो! मांडी घालून धुळीत बसायचं, मोटर ढिली करायची, फुंकर मारायची, परत आवळायची.

प्लेट जुन्या टूथब्रशने घासली, खळग्याची वर आलेली कड बारीक कानशीने उतरवली, मोटरचं तोंड पुसलं. पिनियनचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा बारीक स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावरच आला पाहिजे, गोलाईवर आवळला तर टिकत नाही. त्यावर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला पडू न देणारा गोंद) एक थेंब, तोही फक्त धातूत धातू जातो तिथे. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात. मग वहीच्या कागदाची अरुंद पट्टी दोन गिअरमध्ये घातली, मोटर स्परवर दाबून धरली आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळले. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर मोटर जागेवरून वळते. पट्टी बाहेर काढली तर घड्या स्पष्ट हव्यात, भोक पडता कामा नये. प्लॅस्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो, म्हणून तो फिरवून जिथे सर्वात टाइट लागतो तिथे मेश धरायचा.

दोन्ही कडांना घड्या सारख्या आल्या. आवाज एकसारखा झाला.

"मामा, मेटलचा स्पर टाकूया ना, कटकटच नको," असं भाचा म्हणाला. मी नाही म्हटलं. प्लॅस्टिकचा स्पर हा या गाडीचा फ्यूज आहे. तो वाचवला तर पुढचा झटका गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल खाणार, आणि ते काम स्परपेक्षा कितीतरी महाग आणि किचकट. त्याला पिनियनही मोठा हवा होता, वेगासाठी. मोटर आताच तापते, त्यामुळे तोही विषय बंद.

राहिलं गिअर कव्हर. सेकंडहँड घेतली तेव्हाच ते नव्हतं, आणि या मॉडेलचं सुटं मिळेना. शाम्पूच्या रिकाम्या बाटलीचा तुकडा गरम करून वाकवतोय. तो बसेपर्यंत गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच चालवायची, असं ठरलंय. वॉचमन काका काय म्हणतात ते भाच्याने बघावं.