बंबाचं पाणी आणि विसण

व्हरमाँटमधल्या आमच्या घराच्या तळघरात लाकडावरचा बॉयलर आहे. वाढवलेल्या खोलीच्या जमिनीतल्या काँक्रीटमध्ये, जमीन गरम ठेवण्यासाठी, पेक्सच्या म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या नळ्या आधीच्या मालकाने घालून ठेवल्या होत्या, पण जोडल्या नव्हत्या. जोडायला असं काय लागतं, म्हणून मी एक पंप बसवला आणि बॉयलरचं पाणी थेट त्या नळ्यांत सोडलं.

बॉयलरवर काटा १८० फॅरनहाइट, म्हणजे ८२ सेल्सिअस. संध्याकाळी बायको मोजे घालूनही पाय उचलत चालत होती. "तवा झालाय नुसता!" इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर फरशी ३८! बसत्या-उठत्या खोलीत जमिनीचा पृष्ठभाग २९ च्या वर जाऊ नये. पंप बंद केला, तरी काँक्रीट रात्रभर गरमच. त्याला ब्रेक नसतो.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बंबातलं पाणी कोणी तसंच अंगावर घेतं का? विसण घाल की." अगदी तेच करायचं होतं. थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवला. जमिनीतून निवून परत आलेलं पाणीच तो बॉयलरच्या कढत पाण्यात मिसळतो, आणि नळ्यांत ४० अंशांचं पाणी जातं. व्हॉल्व्ह अडकला तर? त्यासाठी पुढच्या पाइपवर एक लिमिट स्विच लावला, ५० ला पंप बंद करणारा.

वाटलं, झालं. महिन्याभराने बॉयलरचं दार उघडलं तर आत डांबरासारखा काळा, चिकट थर. कारण उलट्या बाजूला होतं. जमिनीतून तीसेक अंशांचं पाणी बॉयलरमध्ये परतत होतं. त्याने भिंती गार पडून धुरातली वाफ तिथेच थंड होऊन चिकटत होती. परतीचं पाणी ६० च्या खाली जाता कामा नये. म्हणजे जमिनीला गार पाणी हवं आणि बॉयलरला गरम! तिकडेही वेगळा व्हॉल्व्ह आला. खर्चाचं विचारू नका.

सगळ्यात जास्त भीती मात्र वीज जाण्याची. गॅस बंद करता येतो, पेटलेली मॅपलची लाकडं नाही. पंप थांबला की उष्णता जाणार कुठे? सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, पण तो शेवटचा उपाय. म्हणून वरच्या मजल्यावर उष्णता हवेत सोडणारे पातळ पत्रे लावलेला एक पाइप टाकलाय. वीज गेली की त्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि गरम पाणी पंपाशिवाय वर चढतं. जानेवारीत मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिलं. पाच मिनिटांत तो पाइप हात लाववेना असा तापला.