६२०४ आणि ६२०४-१२ : दगड कापण्याच्या यंत्राची बेअरिंग बदलताना

माझ्याकडे अकीक आणि गारगोट्या कापण्याचे दहा इंची हिरा-पात्याचे एक जुने अमेरिकी यंत्र आहे. पुण्यातल्याच एका ज्येष्ठ संग्राहकाकडून मी ते घेतले. जळगाव आणि औरंगाबादकडच्या बेसाल्टमध्ये सापडणाऱ्या गाठी त्याने गेली अनेक वर्षे निमूटपणे कापून दिल्या. यंदा मात्र त्याच्या शाफ्टची, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या दांड्याची, दोन्ही बेअरिंग गेली. बदलण्याचे खरे काम दीड दिवसाचे होते, पण मला सव्वा महिना लागला. तो सगळा काळ बेअरिंगच्या क्रमांकापुढच्या दोन आकड्यांनी खाल्ला, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

बेअरिंग गेल्याचे पहिल्यांदा दगडानेच सांगितले. कापलेल्या चकतीवर अर्धवर्तुळाकार ओरखडे उमटू लागले आणि आरशासारखी पॉलिश देण्याआधी घासण्याचा वेळ दुप्पट झाला. नंतर घरघर सुरू झाली आणि बेअरिंगच्या सीलच्या, म्हणजे रबरी झाकणीच्या, कडेने तांबूस, गंजाळलेले ग्रीस ओघळू लागले. पट्टा काढून, पाते दोन्ही बाजूंनी धरून हलवले तेव्हा ते चक्क खुळखुळले. ही परीक्षा पट्टा काढूनच करावी, नाहीतर पट्ट्याचा ताण ढिलेपणा झाकून टाकतो.

उघडण्याच्या कामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पात्याची नट कोणत्या दिशेने सुटेल याबद्दल शंका असेल तर पाते ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नट फिरवावी. पुलीचा स्क्रू सोडवूनही पुली हलेना, तेव्हा लक्षात आले की त्या भोकात एकाखाली एक असे दोन स्क्रू आहेत आणि मी फक्त वरचा काढला आहे. एका बाजूचे बेअरिंग पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या आकड्याने, निघाले. दुसऱ्याचे आतले कडे गंजाने शाफ्टशी एकजीव झाले होते, ते ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीच्या एका घावाने फोडावे लागले. शाफ्टला ग्राइंडरचा ओरखडाही जाऊ दिला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. तो अभिमान महागात पडला, कारण त्या भरात मी फुटलेल्या कड्याचे तुकडे आणि पुलरने काढलेले अख्खे बेअरिंगही भंगारात टाकले. मोजायला हाताशी काहीच उरले नाही.

टाकण्याआधी मी क्रमांक मात्र टिपून घेतला होता. बेअरिंगच्या तोंडावर ६२०४ स्पष्ट होते, त्यापुढे एक आडवी रेघ आणि गंजात गेलेले काहीतरी. तो कारखान्याचा शिक्का असावा असे मी गृहीत धरले. शाफ्ट स्टीलच्या पट्टीने मोजला तर एकोणीस आणि थोडेसे वर भरला. ६२०४ चे आतले माप २० मिलिमीटर असते हे मला ठाऊक होते, म्हणून मनाने तो २० चा करून टाकला. दुकानातून सीलवाली ६२०४ ची जोडी आणली, खोके फोडले आणि शाफ्टवर चढवली, तर मनगटात सैल बांगडी फिरावी तशी ती शाफ्टभोवती फिरली.

त्याच संध्याकाळी मी दुकानात परत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी शाफ्ट हातात घेतला, मोजला नाही, आणि म्हणाले, ‘साहेब, तुमचा शाफ्ट झिजलाय. लेथवर भरून घ्या.’ खोके फोडलेले असल्याने माल परत घेता येणार नाही, हेही त्यांनी त्याच श्वासात सांगून टाकले. ‘रेघेच्या पुढे काही आकडे असतात का?’ असे मी विचारले, त्यावर उत्तर आले, ‘६२०४ म्हणजे ६२०४. पुढे सगळं कंपनीचं असतं.’ इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाशी वाद घालण्याइतके माझे ज्ञान नव्हते.

म्हणून शाफ्टवर वेल्डिंग करून तो २० मिलिमीटरला आणून घेण्यासाठी मी एका टर्नरकडे गेलो. या माणसाने वाचवले नसते तर एक सरळ, निर्दोष शाफ्ट मी स्वतःच्या पैशाने वाकवून घेतला असता. त्याने व्हर्नियर काढले आणि शाफ्ट पाच ठिकाणी मोजला. पाचही ठिकाणी १९.०५ भरले. ‘काका, झिजलेला शाफ्ट असा सगळीकडे सारखा झिजत नाही. हा पाऊण इंची आहे,’ असे म्हणून त्याने शाफ्ट माझ्या हातात परत ठेवला. शाफ्ट आणि बेअरिंगमध्ये बूश, म्हणजे पातळ नळी, मारून द्याल का, असेही मी विचारून पाहिले. बूशची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची होईल आणि पाते कधीच सरळ फिरणार नाही, म्हणून त्याने नकार दिला, आणि त्या तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

यंत्र अमेरिकी, शाफ्ट इंचात, बेअरिंग ज्यात बसते ते हाउसिंग मात्र ४७ मिलिमीटरचे, असा तो संकर होता. त्या गंजलेल्या रेघेपुढे १२ होते. १२ म्हणजे इंचाचे बारा सोळांश, म्हणजेच पाऊण इंच. बाहेरून ६२०४ सारखेच ४७ मिलिमीटर, जाडी तीच १४, फक्त भोक १९.०५. इतके कळल्यावरही माल हाती येईना. एका दुकानाने ‘मागवून देतो’ म्हणून नऊ दिवस ‘उद्या या’ ऐकवले आणि दहाव्या दिवशी साधी ६२०४ पुढे केली. दुसऱ्याने फोनवर ‘आहे’ म्हणून सांगितले, आणि तिथे पोचल्यावर कळले की त्यांच्या लेखी ‘आहे’चा अर्थ ‘६२०४ आहे’ एवढाच होता. अखेर सकाळच्या गाडीने मुंबई गाठली, मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर चौथ्या दुकानात विचारले, तेव्हा तिथल्या पोराने मान वर न करता ‘सील की झेडझेड?’ एवढेच विचारले. त्या प्रश्नाने मला जो आनंद झाला तो त्याला कळणे शक्य नव्हते.

सीलच घ्यावे. झेडझेडच्या पत्र्याच्या झाकणीची कड आतल्या कड्याला टेकत नाही, त्या फटीतून अकीकाचा गाळ आत शिरतो, आणि अकीकाची कठिणता मोहसच्या दहाच्या मापावर साडेसहा-सातच्या घरात असल्याने तो बेअरिंगला कानशीसारखा घासतो. हा गाळ वाळल्यावर ब्रशने झाडू नये, ओला असतानाच पुसून काढावा. सिलिकाची ती धूळ फुफ्फुसात जाणे चांगले नाही.

बसवणे त्यामानाने सोपे गेले. शाफ्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मटारच्या पिशवीशेजारी, घरातल्या निषेधासकट. बेअरिंग शंभर वॅटच्या दिव्याखाली हाताला सोसेल इतकेच कोमट केले, कारण जास्त उष्णतेने सील आणि ग्रीस दोन्ही बिघडतात. ज्या कड्याचा घट्टपणा जिंकायचा असतो त्याच कड्यावर ठोकायचे असते, म्हणून शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या कड्यावर टेकणारा पाइपचा तुकडा वापरला. बाहेरच्या कड्यावर ठोकले की घाव गोळ्यांतून जातो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवशीच घरघरते. पट्टा मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा इंच लवावा. आधीच्या मालकाने तो तारेसारखा ताणला होता, आणि पात्याखालच्या टाकीतले पाणी मी कधीच काढत नसे, तेव्हा बेअरिंग जाण्यात वाटा दोघांचाही आहे. आता काम संपले की टाकी रिकामी करतो.

पहिली चकती नारळाएवढ्या एका गाठीची काढली. करड्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ओरखडा शोधायला भिंग घ्यावे लागले. न परतवलेली साधी ६२०४ ची जोडी अजून खणात आहे. यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी ऑइल पेंटने ‘६२०४-१२, पाऊण इंची, सीलवाले’ असे ठळक लिहून ठेवले आहे.