तारखा ठरल्या, गाव ठरायचे आहे

हिवाळ्याच्या सुट्टीत लांब कुठेतरी जायचे यावर घरातल्या सगळ्यांचे एकमत व्हायला क्षणभरही लागत नाही. मतभेद सुरू होतात ते कागदावर एखाद्या गावाचे नाव लिहायची वेळ आली, की. आमच्याकडे मुलीला बर्फ हवा असतो, मुलाला जंगली प्राणी, आईला फार चालावे लागू नये असे वाटते आणि पत्नीची मागणी सर्वांत माफक, म्हणजे आज काय करायचे हे तिला कोणी विचारू नये. या साऱ्या अपेक्षा रास्तच आहेत. अडचण एवढीच, की प्रत्येकजण जागेविषयी बोलत असतो आणि हातात असलेली पक्की गोष्ट मात्र तारखा ही असते. शाळा बंद होण्याचा दिवस आणि ती उघडण्याचा दिवस यांच्या मधल्या फटीत जेवढे जग बसेल, तेवढेच आपल्या वाट्याचे.

तरीही आपण सुरुवात करतो ती छायाचित्रांपासून, आणि छायाचित्रांच्या खाली महिना लिहिलेला नसतो. मुलाने आफ्रिकेचा हट्ट धरला तो एका प्रसिद्ध दृश्यासाठी: विल्डबीस्ट या हरणांच्या जातकुळीतल्या प्राण्यांचे कळप धुळीचे लोट उडवत मारा नदीत उड्या घेतात आणि पाण्यात मगरी वाट पाहत असतात. हे दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळातले. डिसेंबरात तेच कळप दक्षिणेकडे, सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या मैदानांकडे सरकलेले असतात आणि त्यांच्या वासरांचा जन्म बघायचा तर जानेवारीची अखेर उजाडावी लागते. पेरूमधल्या माचूपिचू या प्राचीन नगराचेही तसेच, निळ्याशार आकाशाखालचे ते अवशेष कोरड्या ऋतूतले असतात आणि नोव्हेंबर ते मार्च हा तिथला पावसाचा काळ. थायलंडमध्ये तर एकाच देशाचे दोन किनारे वेगळे बोलतात. पश्चिमेला फुकेत आणि क्राबीच्या बाजूला डिसेंबरात स्वच्छ ऊन असते, तर पूर्वेकडच्या कोह सामुई बेटावर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस बऱ्याचदा तोवर रेंगाळलेला असतो. देश निवडून भागत नाही, किनाराही निवडावा लागतो.

बर्फाच्या मागणीमागे मला बर्फापेक्षा उजेडाची काळजी वाटते. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारच्या आसपास काही तास निळसर संधिप्रकाश पसरतो, तो फार सुंदर असतो असे सगळे सांगतात, आणि त्यावर विश्वास न ठेवण्याचे मला काही कारण नाही. पण एका कुटुंबाने सलग आठवडाभर संधिप्रकाशात एकमेकांशी गोडीने वागावे ही अपेक्षा जरा मोठी आहे. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास जेमतेम चार तासांचा दिवस असतो. गाडी घेऊन धबधबे पाहत हिंडायचा बेत असेल, तर पहिला धबधबा उजाडण्याची वाट पाहण्यात आणि तिसरा अंधारात जाण्याची शक्यता धरून चालावे. अंधार ज्याच्यासाठी सोसायचा तो ध्रुवीय प्रकाश, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे रात्रीच्या आकाशात उमटणारे रंगीत पट्टे, तोही तिकिटाबरोबर मिळत नाही. सूर्याची सक्रियता सुमारे 11 वर्षांच्या चक्राने वरखाली होते हे खरे, परंतु प्रवाशाच्या दृष्टीने खरा निर्णय त्या रात्रीचे ढग देतात. कोणाच्याच हातात नसलेल्या एकाच गोष्टीवर साऱ्या घराची सुट्टी लावू नये, असे माझे मत आहे. आणि ते मी मुलीसमोर मांडले तेव्हा तिने मला अरसिक ठरवले.

त्याच तारखेला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनातील उशुआया येथे, सुमारे सतरा तासांचा दिवस असतो आणि सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो. पृथ्वीचा आस सुमारे 23.4 अंशांनी कलला आहे हे आपण शाळेत पाठ केले होते. त्या पाठांतराचा पुढे आयुष्यात काही उपयोग होईल असे मला तेव्हा वाटले नव्हते. सहलीचा नकाशा पसरल्यावर मात्र त्याइतकी उपयोगी माहिती दुसरी कोणतीच उरत नाही.

खरे तर नकाशा नव्हे, पृथ्वीचा गोलच समोर घ्यावा, कारण त्यावर बोट फिरवताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बोट पूर्व-पश्चिम नेले, की घड्याळ बदलते आणि ऋतू बहुधा तोच राहतो. उत्तर-दक्षिण नेले, तर ऋतू उलटा होतो आणि घड्याळ जवळपास जागच्या जागी. हेलसिंकीहून केप टाउनला जाणारा माणूस दहा हजारांहून अधिक किलोमीटर ओलांडतो, गोठलेल्या रस्त्यांवरून भर उन्हाळ्यात उतरतो आणि डिसेंबरात मनगटावरचे घड्याळ त्याला हलवावेही लागत नाही. न्यूयॉर्क आणि लिमा या शहरांचेही हिवाळ्यात हेच नाते आहे. उलट, तेवढेच अंतर पूर्वेकडे कापणारा माणूस रात्री दोन वाजता टक्क जागा असतो आणि दुपारी संग्रहालयाच्या बाकावर डुलक्या घेतो. शरीराचे आतले घड्याळ नव्या वेळेशी साधारणपणे दिवसाला एखादा तास एवढ्याच गतीने जुळवून घेते. त्यातही पूर्वेकडचा प्रवास अधिक जड जातो, कारण ते घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते; त्याला दिवस लांबवणे सोपे आणि आखडणे अवघड. दहा तासांच्या फरकाच्या देशात आठ-दहा दिवसांसाठी गेलो, तर शरीर तिथे पोहोचते त्या दिवशी आपली परतीची तिकिटे असतात. लांबच जायचे तर रेखावृत्ताला फार न सोडता जावे, घड्याळाचा फरक तीन-चार तासांच्या आत ठेवावा, हा नियम मी घरात मांडला आणि आश्चर्य म्हणजे तो मान्य झाला.

पूर्वेला फारच पुढे गेले, तर तारीखही भरवशाची राहत नाही. सामोआने 2011 साली आपला देश आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला नेला, तेव्हा तिथे 29 डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट 31 डिसेंबरचा शनिवार आला. त्या शुक्रवारी तिथे समुद्रकिनाऱ्यावर लोळायचे ठरवून आलेले एखादे कुटुंब असेल, तर त्याने तक्रार नेमकी कोणाकडे करावी हे मला अजून सुचलेले नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो: सुट्टी काही आपल्या एकट्यालाच नसते. लंडनमध्ये 25 डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि शहरातल्या बसगाड्या बंद असतात. जपानमध्ये वर्षअखेरीला, साधारण 29 डिसेंबर ते 3 जानेवारीच्या दरम्यान, बरीच संग्रहालये आणि लहान दुकाने कुलूपबंद होतात. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी तर मिटलेले असतेच, शिवाय 25 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाही. एरवी गजबजलेल्या शहराचा रिकामा चौक पाहण्यातही मजा आहे. फक्त ती मजा मुलांना कळायला बरीच वर्षे जावी लागतात.

कागदपत्रांविषयी फार लिहिण्यासारखे काही नाही. अनेक देश पासपोर्टची मुदत अजून सहा महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात, आणि मुलांचे पासपोर्ट मोठ्यांच्यापेक्षा लवकर संपतात. गाव निवडण्याआधी कपाट उघडावे.

एवढ्या चर्चेत आईने एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे सलग किती तास बसावे लागेल. कोणत्याही आकर्षक माहितीपत्रकात याचे उत्तर नसते. लांबच्या विमानात हवा कोरडी असते आणि आतला दाब दोन हजार मीटरहून उंच डोंगरावर असावा इतका उतरू शकतो; तरुण माणसाला ते जाणवतही नाही, वयस्कर माणसाच्या पायांना मात्र जाणवते. त्यानंतर माचूपिचूच्या वाटेवरच्या कुस्कोसारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवरच्या शहरात थेट उतरणे म्हणजे तिला परीक्षेलाच बसवणे. म्हणून वाटेत एक रात्र मुक्काम आणि शेवटचे गाव समुद्राकाठचे, एवढ्या दोन अटी तिच्या नावावर नोंदवल्या गेल्या.

या साऱ्या चाळण्यांमधून शेवटी केप टाउन उरले. डिसेंबरात तिथे कोरडा उन्हाळा असतो, आठच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शहर समुद्राला लागूनच आहे. वाईट बाजूही आहेत. तो तिथल्या गर्दीचा मोसम आहे, अटलांटिकच्या बाजूचे पाणी भर उन्हाळ्यातही गार असते आणि आग्नेय वारा पेटला, की टेबल माउंटनवर जाणारी केबल कार थांबवतात. म्हणून तो डोंगर पहिल्याच निवांत सकाळी उरकायचा, शेवटच्या दिवसावर टाकायचा नाही. मुलाला मगरींऐवजी बोल्डर्सच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन मिळतील. पेंग्विनचे नाव ऐकून मुलगीही क्षणभर खूश झाली होती. ते तिथे उन्हात, वाळूवर आणि बर्फाशिवाय राहतात हे कळल्यावर तिने पुढच्या वर्षीचा हक्क आताच राखून ठेवला आहे.

आता वाद उरला आहे तो परतीच्या तारखेचा. शाळा उघडण्यापूर्वीचे दोन दिवस घरी काढावेत, कपडे धुवावेत आणि वेळेवर झोपावे असे मी म्हणतो. बाकीच्यांच्या मते ते दोन दिवस पेंग्विनांचे आहेत. मतदान झाले तर मी हरणार, हे उघड असल्यामुळे सध्या मी ते पुढे ढकलतो आहे.