न झिजलेले लायनर

कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या चाकांचा करपट वास यायला लागला की आमच्याकडे निदान ठरलेलं असायचं: ब्रेकचे पॅड संपले. पॅड बदलायचे, पुढे चालू. माझी मारुती ८०० २००३ सालची, बाबांकडून आलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. पुढचे पॅड भराभर संपत होते आणि मागचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर, मात्र बदलायची वेळच येत नव्हती. गॅरेजवाल्याने तर कौतुकाने सांगितलं होतं, "मॅडम, मागचे अजून नव्यासारखे आहेत." मी चिपळूणला कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. जी वस्तू घासली जावी म्हणूनच बसवली आहे ती घासलीच जात नसेल, तर ती काम करत नाहीये, एवढं मला त्या पगारात कळतं.

मागचा ब्रेक कमजोर झाला की तो बोंब मारत नाही, हीच गोची आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. इंजिनही पुढेच, त्यामुळे गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. मागची दोन्ही नुसती गडगडत आली तरी सपाट रस्त्यावर गाडी थांबते आणि आपलं बरं चाललंय असं वाटतं. कळतं ते घाटात, चार माणसं आणि माहेरचा तांदूळ मागे भरलेला असताना. नाहीतर चढावर हँडब्रेक धरेनासा होतो तेव्हा.

आमचा धरत नव्हता, तर एका ठिकाणी केबल ओढून दिली. हा आपल्याकडचा लाडका इलाज, आणि मला तो मुळीच पटत नाही. लायनर झिजून शू (लायनर बसवलेली कमानदार पट्टी) आणि ड्रममधली फट वाढली की ती भरून काढायला आत दातेरी ऑटो अ‍ॅडजस्टर असतो. तो नीट चालायला हँडब्रेकचा आतला लिव्हर पूर्ण मागे टेकलेला लागतो. केबल ताणून ठेवली की लिव्हर अधांतरी राहतो, अ‍ॅडजस्टर पुढचा दात पकडत नाही. वर हँडब्रेक बरा झाल्यासारखा वाटतो, म्हणून ड्रम उघडायचं कोणाच्या मनातही येत नाही.

रविवारी भाच्याला पकडलं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली, मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली. (नुसत्या जॅकवर नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.) हँडब्रेक खाली. भाचा आत बसून पेडल दाबणार, मी चाक हाताने फिरवणार. डावं चाक कुरकुरत थांबलं. उजवं फिरतच राहिलं. "मावशी, अजून दाबू?" दाब म्हटलं. तरी फिरतंय.

मग त्याला हँडब्रेक ओढायला सांगितला, आणि उजवं चाक अडकलं. निम्मं उत्तर इथेच मिळालं. हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक तेच शू वापरतात, फक्त एकाची ताकद केबलीतून येते आणि दुसऱ्याची ब्रेक ऑइलमधून. केबलीने चाक थांबतं आणि पेडलने थांबत नाही, म्हणजे दोष ऑइलच्या वाटेवर आहे. आता ती वाट तपासायची. उजव्या चाकामागचं निप्पल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडायचं छोटं तोंड) गंजलेलं होतं. त्याला आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, आणि उघडा पाना न लावता रिंग पानाच लावला, कारण निप्पलचे कोपरे एकदा गोल झाले की पुढे सगळं वैतागच. निप्पल सैल करून पारदर्शक नळी लावली, पेडल दाबलं, तर ऑइल जोरात आलं. म्हणजे पाइप ठीक, होज ठीक. उरला व्हील सिलेंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारा भाग.

ड्रम सहज निघाला नाही. आतल्या कडेला गंजाचा ओठ तयार झाला होता. केबल सैल करून, लाकडी ठोकळा धरून चारी बाजूंनी ठोकत ठोकत काढावा लागला. आणि आत होता गाळ. बारीक, पिवळट, सुकून पापडी झालेला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर होतं. नंतर गाडीची गालिचे-सीट धुतली, इंजिनचं ऑइल बदललं, बेअरिंगचा आवाज येतो का पाहिलं. ड्रमचं नाव कोणी काढलं नाही. तो गाळ सिलेंडरच्या रबरी टोपीखाली शिरला, गंज चढला आणि उजव्या सिलेंडरचे दोन्ही पिस्टन जागच्या जागी धरले. गळती नाही, ऑइलची पातळी कमी नाही, म्हणून संशयही नाही. डावीकडे एक पिस्टन हलत होता, एक नाही.

आतली धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मी ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

दुकानदार म्हणाला, रबर किट घाला, स्वस्तात होईल. सिलेंडर आतून गुळगुळीत असेल तर होतंही. आमच्यात गंजाचे खड्डे होते. पॉलिश पेपरने घासून त्यात नवं रबर घातलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात तेच काम पुन्हा. दोन्ही बाजूंचे सिलेंडर नवे आणले, शूचा सेटही, कारण जुने लायनर जाड असले तरी काचेसारखे चकचकीत झाले होते. एकाच बाजूचं नवं घातलं तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते. ड्रम लेथवर हलकेच टर्न करून घेतले. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या आत राहिलं म्हणजे झालं. आणि रबराला पेट्रोल, रॉकेल, ग्रीस काहीही लावायचं नाही, ते फुगतं. धुवायला ब्रेक ऑइलच.

ऑइल पूर्ण नवं भरलं, सीलबंद बाटलीतलं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं: डॉट ३चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४०पर्यंत येऊ शकतो. कोकणात अर्धी वापरलेली बाटली फडताळात ठेवून पुन्हा वापरणं म्हणूनच धाडसाचं. ऑइलमध्ये अडकलेली एअर काढायला मास्टर सिलेंडरपासून (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली, म्हणजे मागचं डावं.

हँडब्रेकची केबल मुद्दाम शेवटी घेतली. आधी पेडल जोरात दाबून दाबून अ‍ॅडजस्टरला त्याची फट जुळवू दिली, आतून कटकट ऐकू येते. मग केबलचा फक्त लोंबकळा काढला. नवे लायनर ड्रमला पूर्ण बसायला थोडे दिवस जातात, तोवर हँडब्रेक एखादा दात वर येतो. तेवढ्यासाठी कोणी पाना घेऊन केबल ताणायला निघू नये.